कानापुढची गाठ

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण जिच्याबद्दल लिहायचं तिची परवानगी नव्हती. परवा आत्याच फोनवर म्हणाली, "लिही ना बापा. माह्या गाठीच्यानं कोनाचं भलं व्हत असन तं लिही. फक्त माहं नाव टाकू नको." म्हणून नाव टाकत नाही. घरच्यांना ते ठाऊकच आहे आणि बाकीच्या मंडळींचं त्यावाचून काही अडणार नाही.

तर झालं असं. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्याकडे अमरावतीला चुलतबहिणीचं लग्न होतं. आत्या अकोल्याहून आठ दिवस आधीच आली होती. लग्न आटोपलं, फोटो आले आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळे ते बघायला जमले. कोणाचे डोळे मिटलेत, कोणाच्या ताटात किती जिलब्या आहेत, असं नेहमीचं सगळं चाललेलं. एका फोटोत आत्या नवरीशेजारी अगदी समोर बघत उभी होती. माझी बायको म्हणाली, "आत्या, तुमची डावी कुडी वर कशी काय दिसते?"

आत्याने पदर सारखा केला. "वाकडी झाली असन."

कुडी वाकडी झाली नव्हती. कानाची पाळीच उचलली गेली होती. तिच्या खाली, कान आणि जबडा यांच्या मधल्या खळग्यात, छोट्या लिंबाएवढी गाठ होती.

"किती दिवसांची आहे गं?"

"दिवसाची कायची! असन पाच-सहा वर्साची. दुखत नाई, खुपत नाई. कायले सांगत बसू?"

आमच्या घरातल्या बायकांचं हे ब्रीदवाक्यच आहे. जे दुखत नाही ते दुखणं नव्हे. असो.

दोन दिवसांनी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाठ चाचपली, तोंडात बोट घालून आतून पाहिलं, आत्याला डोळे घट्ट मिटायला लावले, दात दाखवायला लावले, गाल फुगवायला लावले. आत्याला हा प्रकार बालवाडीतला वाटला असावा, पण तिने सगळं मुकाट्याने केलं. मग डॉक्टर म्हणाले, "लाळग्रंथीची गाठ आहे. काढावी लागेल. त्याआधी सोनोग्राफी करू आणि सुईने तपासून घेऊ."

ऑपरेशनला आत्या एका शब्दात तयार झाली. सुईला नाही.

"कापायचंच आहे तं टोचायचं कायले? तुम्ही गाठ काढा डॉक्टरसाहेब. सुई मी लावू देत नाई."

डॉक्टर जरा चक्रावले. त्यांच्याकडे येणारी माणसं ऑपरेशनला घाबरतात, इथे उलटंच. मी मात्र चक्रावलो नाही. मला कारण माहीत होतं. कारण म्हणजे आबाजी.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. त्यांनाही अगदी इथेच, डाव्याच बाजूला गाठ होती. (ही गाठ सहसा घराण्यात चालत येत नाही. बापलेकीला एकाच जागी यावी हा निव्वळ योगायोग.) १९७८ साली तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात त्यांनी ती दाखवली. तिथे ती पुवाची गाठ समजून फोडली. पू काही निघाला नाही. जखम भरली, काही वर्षं बरी गेली, आणि मग त्याच जागी एक नाही, चार-पाच गाठी वर आल्या, द्राक्षाच्या घडासारख्या. १९८६ मध्ये मोठ्या शहरात दुसरं ऑपरेशन झालं. गाठी निघाल्या, पण चेहऱ्याची नस वाचली नाही.

त्यानंतरचे आबाजी मला चांगले आठवतात. त्यांचा डावा डोळा पुरता मिटत नसे. झोपेतही थोडा उघडा राही. चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. त्यांच्या खिशात कायम दोन रुमाल असत, एक डोळ्यासाठी आणि एक ओठासाठी. ते गावात भजनाला झांज वाजवायचे, पुढे गाणं सोडलं आणि फक्त झांज वाजवत राहिले. शब्द नीट फुटत नसत म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. १९९७ मध्ये ते गेले, म्हातारपणाने. पण त्यानंतर घरात जेव्हा जेव्हा गाठीचा विषय निघाला तेव्हा आजी एकच वाक्य बोलायची, "सुई टोचली आन् गाठ पसरली." या एका वाक्यावर आमच्या अख्ख्या खानदानाचं वैद्यकशास्त्र उभं होतं.

आत्या तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिने तो चेहरा अकरा वर्षं पाहिला होता. तिला "असं काही नसतं गं" म्हणून गप्प करणं मला जमेना. निर्णय लांबणीवर टाकून मी तिला अकोल्याला सोडायला निघालो.

अमरावती-अकोला रस्ता आता काय झकास झालाय! त्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, या रस्त्यावर सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. पूर्वी बडनेरा सुटलं की खड्डे मोजत जायचो. आता बोलायलाही वेळ पुरत नाही. तशी आत्या त्या दिवशी बोलतही नव्हती. वाटेत मूर्तिजापूरला मोठे बाबा (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) राहतात. वय ब्याऐंशी, कान अर्धे गेलेले, पण स्मरणशक्ती तल्लख. त्यांच्याकडे चहाला थांबलो. चहा झाला, तब्येतींची चौकशी झाली, आणि आत्याने आपली गाठ दाखवली.

मोठे बाबांनी हात लावून बघितलं. "आबाजीसारखीच."

"हाव ना. आन् हे म्हनतेत सुई टोचा. आबाजीची तशीच पसरली ना सुईनं."

"सुईनं कायची पसरते?" मोठे बाबा म्हणाले. "थे सुई तं जागा बधिर कराची व्हती. मंग ब्लेडानं चिरली. मी पाय धरून उभा व्हतो ना तिथं!"

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मंग आई काहून म्हने सुई टोचली म्हनून?"

"आईले भाईर बसवलं व्हतं. दार लावाच्या आधी तिनं कंपाउंडरले सुई भरताना पायलं. मंग दार लागलं. तिनं सुईच पायली, चिरा कुठं पायला?"

मंडळी, मी यावर नंतर खूप विचार केला. आजी खोटं बोलत नव्हती. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. दार बंद होण्याआधी दिसलेली शेवटची वस्तू सुई होती, म्हणून पुढच्या सगळ्याचा दोष सुईच्या माथी बसला. घरातली भीती खरीच होती. तिचा पत्ता तेवढा चुकला होता. आणि त्या चुकलेल्या पत्त्यापायी, बापाला जे भोगावं लागलं तेच टाळणारी तपासणी लेक नाकारत होती.

हे नीट समजायला ही ग्रंथी थोडी समजून घ्यावी लागते. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या. कानापुढे पॅरोटिड (गालगुंड होतं तेव्हा सुजते ती), जबड्याखाली दुसरी, जिभेखाली तिसरी. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. यातली पॅरोटिड सगळ्यांत मोठी, आणि तिची भानगड अशी की चेहरा हलवणारी नस बरोबर तिच्या पोटातून जाते. कानाखाली एक खोड शिरतं आणि ग्रंथीच्या आत त्याच्या साधारण पाच फांद्या होतात: कपाळाला, डोळ्याला, गालाला, खालच्या ओठाला आणि मानेला. म्हणून डॉक्टरांनी डोळे मिटायला आणि गाल फुगवायला लावलं होतं. प्रत्येक फांदी शाबूत आहे ना, हे बघत होते ते.

आता बाकी ठिकाणच्या गाठीचा सरळ उपाय असा की छोटा तुकडा कापून तपासायला पाठवा. इथे तो उपायच घातक. एक तर नसेला धोका. दुसरं म्हणजे या ग्रंथीत सगळ्यांत जास्त आढळणारी गाठ, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. ती कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते, दुखत नाही. पण तिचं आवरण फार नाजूक असतं. ते फोडलं की आतला चिकट माल आजूबाजूला सांडतो, आणि जिथे जिथे कण पडला तिथे काही वर्षांनी नवी गाठ उगवते. आबाजींचा द्राक्षाचा घड तो हाच.

त्या डॉक्टरांना तरी काय म्हणणार? १९७८ साली अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ या चारही जिल्ह्यांत ॲलोपॅथीचं एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. जवळची म्हणजे नागपूरचं १९४७ चं आणि सेवाग्रामचं १९६९ चं. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचं महाविद्यालय १९८४ मध्ये आलं, यवतमाळचं सरकारी १९८९ मध्ये, अकोल्याचं तर २००२ मध्ये. तालुक्याच्या एका खोलीत, ना सोनोग्राफी ना सूक्ष्मदर्शक, समोर गाठ आणि हातात ब्लेड. मला राग येत नाही, हळहळ वाटते.

आत्या अकोल्याला पोचली आणि तीनच दिवसांनी तिचा फोन आला. "ये घ्याले. टोचून पाहू."

जानेवारी २०२३. अमरावतीतली एक छोटी पॅथॉलॉजी लॅब. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. आत्याला त्या "काकू" म्हणाल्या, त्यामुळे पहिली लढाई तिथेच जिंकली. आत्याने बसल्या बसल्या तिचा ठरलेला प्रश्न टाकला, "कापायचंच आहे तं टोचायचं कायले?"

बाई म्हणाल्या, "काकू, या गाठींचा एक ढोबळ हिशेब आहे. लाळग्रंथींच्या शंभर गाठींतल्या ऐंशी इथे, कानापुढे होतात. इथल्या शंभरातल्या ऐंशी साध्या असतात. आणि त्या साध्यांतल्याही ऐंशी टक्के एकाच जातीच्या."

आत्या जन्मभर शाळेत गणित शिकवत होती. तिने लगेच तोंडी हिशेब केला. "म्हंजे माही गाठ तुमच्या त्या जातीची असाचा संभव शंभरात चौसष्ट. सोळा दुसऱ्या साध्या. आन् वीस वाईट."

"अगदी बरोबर."

"मंग न टोचताच इतकं समजलं की!"

"समजलं. पण ते शंभर माणसांचं समजलं. तुमचं एकटीचं नाही. उद्या सर्जनला कापायचंय ते तुम्हाला, शंभर जणांना नाही."

मला हे वाक्य फार पटलं. आत्यालाही पटलं असावं, कारण ती गप्प बसली. मग बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. गाठ क्षयाची निघाली (आपल्याकडे तीही तिथे होते), तर ऑपरेशनच नको, साधारण सहा महिने गोळ्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर निघाला, तर ते काम मुख्यतः औषधांचं, तिथे नसेशी खेळायचं कारण नाही. वॉर्थिन नावाची गाठ असते, बहुधा सिगारेट-बिडी ओढणाऱ्या उतारवयातल्या माणसांना होते, ती असली आणि माणूस थकलेला असला तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. वाईट जातीची निघाली तर मानेतल्या गाठीही काढायच्या का, नस वाचेल का, हे आधी ठरवून, पेशंटला आधी सांगून, त्या तयारीच्या ठिकाणी जायचं. आणि साधी निघाली तर नस सांभाळत, आवरण न फोडता, भोवतीच्या ग्रंथीच्या अस्तरासकट अख्खी काढायची.

"कापायचंच आहे" या एका शब्दात इतके वेगवेगळे रस्ते लपलेले असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"आन् सुईनं पसरत नाई?"

"ही बघा सुई." बाईंनी पाकीट फोडून दाखवली. २३ नंबरची, जाडी साधारण ०.६ मिलिमीटर. आपलं रक्त काढतात तीच. "इतक्या बारीक सुईने ही गाठ पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत. चिरा देणं वेगळं."

घरी आल्यावर मी याचा इतिहास वाचला. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठी तपासण्यावर लिहिलं, पण त्यांच्या सुया जाड होत्या आणि पद्धत तिथे फारशी रुजली नाही. ती खरी रुजवली स्वीडनने. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत सिक्स्टेन फ्रान्झेन, योसेफ झायचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत बारीक सुया वापरल्या, लाळग्रंथींवर खास काम केलं, आणि सुईच्या वाटेने गाठ उगवते का हे बघण्यासाठी पेशंटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. म्हणजे आजीची शंका स्टॉकहोमच्या डॉक्टरांनाही होती! फरक इतकाच की दार बंद झाल्यावर आत काय होतं हे ते बघू शकत होते.

प्रत्यक्ष तपासणी पाच-सात मिनिटांची. आत्याला आडवं करून मान उजवीकडे वळवली. स्पिरिट लावलं. बधिर करायचं इंजेक्शन दिलं नाही, "दोनदा कशाला टोचू?" म्हणाल्या. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ घट्ट धरली, सुई आत घातली, सिरिंजचा दांडा मागे ओढला आणि सुई गाठीतल्या गाठीतच पुढे-मागे, पुढे-मागे केली, थोडी दिशा बदलत. मग दांडा सोडून दिला आणि नंतर सुई बाहेर. सिरिंजमध्ये काहीच दिसेना. मी म्हटलं, "काही आलंच नाही वाटतं?" बाई हसल्या. माल सिरिंजमध्ये यायचाच नसतो, सुईच्या पोकळीत राहतो. त्यांनी सुई काढली, सिरिंजमध्ये हवा भरली, सुई परत लावली आणि काचेवर फुंकर मारल्यासारखा तो थेंब उडवला. दुसऱ्या काचेने पसरवला. काही काचा लगेच अल्कोहोलमध्ये बुडवल्या, काही तशाच हवेत वाळू दिल्या, कारण दोन्हींचे रंग वेगवेगळे. असं दोनदा केलं.

दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढीही माती द्यायला नकार दिला होता. इथे बरोबर तेवढंच मागत होते.

आत्या पाच मिनिटं कापूस दाबून बसली. मग म्हणाली, "झालं? याच्याहून तं कुडी घालताना जास्त दुखते." आणि परतताना गिला वडा खाऊ घाल असा हुकूम सोडला. :)

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. मला त्यातलं काय कळणार? पण जे दिसलं ते सांगतो. जांभळ्या-गुलाबी रंगाचा, धागे धागे सुटलेला पसारा, आणि त्यात अडकलेले निळे ठिपके. हुबेहूब रंगात बुडवलेला पिंजलेला कापूस. वऱ्हाडातल्या माणसाला दुसरी कसली उपमा सुचणार! तो धाग्यांचा पसारा हीच प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाची मोठी खूण, असं बाई म्हणाल्या. निळे ठिपके म्हणजे पेशी, आणि त्या शांत होत्या. "शांत" हा त्यांचाच शब्द.

रिपोर्टवर एक ओळ होती: मिलान पद्धत, वर्ग ४ अ, साधी गाठ. लाळग्रंथींच्या सुई तपासणीचे रिपोर्ट जगभर एकाच भाषेत लिहिले जावेत म्हणून २०१८ मध्ये ही सहा वर्गांची पद्धत प्रसिद्ध झाली. माल अपुरा इथपासून कॅन्सर इथपर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर धोका किती याचा अंदाज. ४ अ मध्ये तो ५ टक्क्यांपेक्षा कमी.

आत्याला रिपोर्ट वाचून दाखवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आत्याने नाही. "म्हंजे वीसचे पाच झाले. आन् त्या पाचाचं काय?"

मी हाच प्रश्न बाईंना फोनवर विचारला. त्यांनी जे उत्तर दिलं त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. त्या म्हणाल्या, सुईला पेशी दिसतात, घर दिसत नाही. गाठीने आवरण भेदलंय का, हे सुईला कळत नाही. कधी नुसतं पाणीच येतं. कधी वाईट पेशी साध्यांसारख्या दिसतात, कारण सगळी गाठ एकसारखी नसते. २०११ मध्ये ६४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात सुईने कॅन्सर असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८० जणांना बरोबर ओळखलं, आणि कॅन्सर नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९७ जणांना. म्हणजे सुई "आहे" म्हणते तेव्हा बहुधा असतो, "नाही" म्हणते तेव्हा थोडी शंका ठेवायची. "म्हणून तर गाठ अख्खी काढून परत तपासायची. सुई शेवटचा निकाल देत नाही, सर्जनला दिशा देते."

आत्या ऐकून म्हणाली, "पोरगी हुशार आहे. इमानदार पन आहे." आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं.

ऑपरेशन अकोल्याला झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तिच्या घराजवळ. आदल्या दिवशी सर्जननी कागदावर पाच फांद्यांचं चित्र काढून दाखवलं. गाठ वरच्या थरात आहे, नस तिच्या खाली आहे, आधी नस शोधणार आणि मग गाठ तिच्यावरून उचलणार. रिपोर्ट हातात असल्यामुळे हे इतकं ठामपणे सांगता येतंय, असंही म्हणाले. तरी मी त्या अडीच तासांत हॉस्पिटलच्या बाकावर बसून आबाजींचे दोन रुमाल आठवत होतो. मोठे बाबा मूर्तिजापूरहून आले होते. तेही काही बोलत नव्हते. या वेळीही दार बंद होतं. पण आत काय चाललंय हे या वेळी आम्हाला माहीत होतं.

आत्या शुद्धीवर आल्यावर सर्जन म्हणाले, "काकू, डोळे घट्ट मिटा." मिटले. दोन्ही! "दात दाखवा." खालचा ओठ डावीकडे जरा मागे राहिला. माझ्या पोटात गोळा आला. सर्जन म्हणाले, ही फांदी हाताळली की रुसते, येईल परत. दीड महिन्यात आली. आठवड्याने मोठा रिपोर्टही आला, तीच साधी गाठ, आवरण शाबूत, कडा स्वच्छ. सुईने सांगितलं होतं तेच.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. डाव्या कानाची पाळी बधिर आहे. कुडी घातली तरी कळत नाही, आरशात बघून खात्री करावी लागते. आणि सहा-सात महिन्यांनी एक गंमत सुरू झाली. कैरीचं लोणचं खाल्लं की डाव्या कानापुढे घाम फुटतो! लाळ सोडवणाऱ्या नसांची टोकं परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात, त्याला फ्रेज सिंड्रोम म्हणतात. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो आणि त्रास असला तर उपाय आहे. आत्याला उपाय नको. "लोनचं चांगलं मुरलं की नाई हे मले कानानं समजते," असं ती सगळ्यांना सांगते.

हे सगळं कशासाठी लिहिलं? कोणी घाबरावं म्हणून नाही. पण कानापुढे, कानाखाली, जबड्याखाली गाठ असेल आणि ती दुखत नसेल, तर दुखत नाही म्हणून पाच वर्षं पदराआड ठेवू नका. ही साधी गाठही वर्षानुवर्षं राहिली तर तिच्यात कधी कधी कॅन्सर शिरतो. गाठ झपाट्याने वाढायला लागली, दुखायला लागली, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली तर एक दिवसही थांबू नका. आणि कोणी आधीच चिरा द्यायला निघालं तर नम्रपणे विचारा, सुईने बघितलं का? अमरावतीत, अकोल्यात ही तपासणी आता सहज होते. त्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत मोठे बाबांकडे सगळे जमलो होतो. भिंतीवर आबाजींचा फोटो आहे, उजवीकडून काढलेला. १९८६ नंतरचे त्यांचे सगळेच फोटो उजवीकडून आहेत. त्याच्याखाली सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. पोरांनी आत्याला सवयीने कडेला उभं केलं, तशी ती म्हणाली, "मले मधात घ्या. समोरून काढा."

काढला. दोन्ही कुड्या एका रेषेत आहेत.